मालमत्तेच्या वहीतील माणसे

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तेथील लोकांना अर्पण केला, ही गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक आहे. त्याच्या तीनच वर्षे आधी, १८७० मध्ये, अमेरिकेची दशवार्षिक शिरगणती झाली आणि नुकत्याच मुक्त झालेल्या लाखो स्त्रीपुरुषांची नावे त्या राष्ट्राच्या शिरगणतीत प्रथमच लिहिली गेली. आज तेथील एखादा कृष्णवर्णीय शिक्षक वा कारकून आपल्या घराण्याचा माग काढू लागला, की पणजोबा-खापरपणजोबांपर्यंत तो बऱ्यापैकी सुखरूप पोहोचतो. १८७० हे साल आले की मात्र वाट एकाएकी संपते. त्यापलीकडे त्याचे पूर्वज होते, हे उघडच आहे. परंतु राष्ट्राच्या दप्तरात त्यांना नाव नव्हते.

१८५० व १८६० च्या शिरगणतीत गुलामांसाठी स्वतंत्र तक्ते होते. त्यांत प्रथम धन्याचे नाव, आणि त्याखाली त्याच्या मालकीच्या माणसांचे वय, लिंग व वर्ण एवढीच नोंद असे. ‘वय ३०, स्त्री, काळी’. ‘वय ४, पुरुष, काळा’. बहुतेक सर्व ठिकाणी नावाचा रकाना नाही. १८६० मध्ये अशी सुमारे ३९ लाख ५० हजार माणसे मोजली गेली. त्यांतून आपली पूर्वज असलेली तीस वर्षांची स्त्री कोणती, हे त्या तक्त्यावरून कोणीही सांगू शकणार नाही.

मग नाव कोठे सापडते? या प्रश्नाचे उत्तर विचित्र, आणि अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला अंतर्मुख करणारे आहे. नाव सापडते ते काउंटीच्या कोर्टहाउसात. म्हणजे ज्या कचेरीत जमिनीची खरेदीखते, गहाणखते आणि मृत्युपत्रे नोंदविली जात, त्या कचेरीत. राज्यकर्त्यांनी माणूस म्हणून ज्याची मोजदाद धड केली नाही, त्याची मालमत्ता म्हणून केलेली नोंद मात्र काटेकोर होती.

तीन प्रसंग

काउंटी हा अमेरिकेतील राज्याखालचा प्रशासकीय विभाग. आपल्याकडील जिल्हा-तालुक्याशी त्याची ढोबळ तुलना करता येईल. लुइझियाना राज्यात त्यालाच ‘पॅरिश’ म्हणतात. काउंटीच्या मुख्य गावी कोर्टहाउसची इमारत असते, आणि न्यायदानाबरोबरच दस्तनोंदणी, वारसाहक्काचे निवाडे, करवसुली, विवाहनोंद अशी अनेक कामे तेथे चालत आली आहेत. दक्षिणेकडील राज्यांत कायद्याच्या दृष्टीने गुलाम ही जंगम वा काही ठिकाणी स्थावर मालमत्ता होती. सबब मालमत्तेचे जे जे व्यवहार होत, ते ते सर्व माणसांच्या बाबतीतही होत. आणि व्यवहार झाला की कारकुनाला तो वहीत उतरवून घ्यावा लागे.

गुलामाचे नाव कागदावर येण्याचे प्रसंग मुख्यतः तीन: धन्याचा मृत्यू, धन्याचे कर्ज आणि धन्याच्या मुलीचे लग्न. धनी मेला की न्यायालयाने नेमलेले पंच त्याच्या घरी जाऊन मालमत्तेची यादी करीत व किंमत ठरवीत. त्या यादीत घोडे, खाटा, नांगर, कापसाचे गठ्ठे यांच्या ओळीतच माणसांची नावे आणि त्यांपुढे डॉलरचा आकडा येतो. वारसांत वाटणी झाली की कोणता माणूस कोणाच्या हिश्शाला गेला, याचा वाटणीपत्रात उल्लेख येतो. वारस अज्ञान असेल तर त्याचा पालक दरसाल हिशेब सादर करी, आणि कोणत्या गुलामाला कोणाकडे वर्षभर भाड्याने दिले, त्याचे किती डॉलर आले, हे त्यात नमूद असे. लेकीच्या लग्नात आंदण म्हणून माणसे देण्याची चाल होती. तिचे बक्षीसपत्र होई. वारसांत तंटा उद्भवला तर चान्सरी न्यायालयात खटला उभा राही, आणि त्याच्या कागदांत एकेका कुटुंबाच्या दोन-तीन पिढ्या साक्षीपुराव्याच्या ओघात येऊन जात.

यावरून शोधाचा पहिला नियम निघतो. आपला पूर्वज शोधायचा असेल, तर आधी त्याचा धनी शोधला पाहिजे. धन्याचे नाव मिळाले की त्याचा बाप, त्याचे भाऊ, त्याचे सावकार, इतकेच नव्हे तर त्याची सासुरवाडी, या सर्वांचे दस्त चाळावे लागतात. कारण गुलाम स्त्री धन्याच्या बायकोबरोबर माहेराहून आलेली असू शकते. ज्या घराण्याने आपल्या पणजीला विकत घेतले, त्या घराण्याची वंशावळ स्वतःच्या वंशावळीइतकीच तोंडपाठ करणे, हे या शोधकांच्या वाट्याला आलेले काम आहे.

यादी कशी वाचावी?

ही कागदपत्रे वाचणे ही एक स्वतंत्र विद्या आहे. मृताच्या मालमत्तेच्या यादीत नावांचा क्रम सहसा मनमानी नसतो. एका स्त्रीचे नाव, त्याखाली क्रमाने उतरत्या किमतीची तीन-चार नावे, आणि मग पुन्हा दुसऱ्या स्त्रीचे नाव असा क्रम दिसला, तर ती आई आणि तिची मुले असण्याचा संभव मोठा. तान्ह्या मुलाची किंमत पुष्कळदा आईबरोबर एकत्रच धरलेली असते. वृद्धांच्या नावापुढे नाममात्र रक्कम किंवा चक्क शून्य आढळते. अर्थशास्त्रात ज्याला भावी उत्पन्नाचे आजचे मूल्य म्हणतात, त्याचा हिशेब ते पंच कोणतेही पाठ्यपुस्तक न वाचता अचूक मांडीत होते.

आईचा पत्ता लागतो, बापाचा मात्र बहुधा लागत नाही, यालाही कायदेशीर कारण आहे. व्हर्जिनिया वसाहतीने १६६२ मध्येच असा कायदा केला की मुलाची स्थिती आईच्या स्थितीवरून ठरावी. आई गुलाम तर मूल गुलाम, मग बाप कोणीही असो. मालकी सिद्ध करण्यास आईचे नाव पुरेसे झाले, आणि बापाचे नाव लिहिण्याची कारकुनाला गरज उरली नाही. गुलामांच्या विवाहाला तर कायद्यात स्थानच नव्हते. त्यामुळे खरेदीखतात ‘पती’ हा शब्द नसतो. पण कागदावर पती नाही म्हणून आयुष्यातही नव्हता, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल.

हा इशारा केवळ वंशावळ लिहिणाऱ्यांनाच लागू आहे असे नाही. रॉबर्ट फोगेल आणि स्टॅन्ली एंगरमन या अर्थशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये ‘टाइम ऑन द क्रॉस’ हा ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यांनी मृतांच्या मालमत्तेच्या याद्या आणि न्यू ऑर्लिन्सच्या बाजारातील हजारो खरेदीखते यांचाच आधार घेतला होता. वयोमानाप्रमाणे गुलामाची किंमत कशी चढते-उतरते, याचे सुबक आलेख त्यांनी काढले. विक्रीमुळे कुटुंबे मोडल्याचे प्रमाण समजले जाते त्याहून कमी होते, असेही त्यांनी प्रतिपादिले. हर्बर्ट गटमन प्रभृती टीकाकारांनी त्यावर कडाडून हल्ला चढविला. ज्या कागदात प्रौढ माणसाचे लग्न नोंदविलेलेच नाही, त्यावरून लग्न मोडले की नाही हे कसे ठरवणार, हा त्यांचा आक्षेप रास्त होता. फोगेल यांना पुढे १९९३ मध्ये डग्लस नॉर्थ यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. आर्थिक इतिहासाला आकड्यांची शिस्त लावण्यात त्यांचा वाटा मोठाच आहे. परंतु त्यांच्या आलेखावरील प्रत्येक बिंदू हा कोणाचा तरी पूर्वज होता, आणि त्याच कागदात त्याचे नाव होते, याची आठवण अर्थशास्त्राला वंशावळीच्या शोधकांनी करून दिली.

कर्जबाजारी राष्ट्राध्यक्षाचे दप्तर

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे लेखक आणि अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष टॉमस जेफरसन ४ जुलै १८२६ रोजी निवर्तले, तेव्हा त्यांच्यावर एक लाख डॉलरहून अधिक कर्ज होते. त्यांच्या मृत्युपत्राने पाच गुलामांना मुक्ती दिली. त्यांत जोसेफ फॉसेट नावाचा लोहार होता. त्याची मुक्ती धन्याच्या मृत्यूनंतर वर्षाने अमलात यायची होती. पण ते वर्ष पुरे होण्याआधीच, जानेवारी १८२७ मध्ये, कर्जफेडीसाठी माँटिसेलो येथील मालमत्तेचा लिलाव पुकारला गेला. लिलावाच्या जाहिरातीत १३० गुलामांचा उल्लेख होता. जोसेफची पत्नी एडिथ आणि त्यांची मुले त्यांत होती. ही एडिथ राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी फ्रेंच पद्धतीचा स्वयंपाक शिकून तयार झालेली स्वयंपाकीण होती.

लिलावात कुटुंब निरनिराळ्या धन्यांकडे विखुरले गेले. पुढील दहा वर्षांत जोसेफने आप्तांच्या साहाय्याने आपली माणसे एकेक करून सोडविली आणि १८३७ मध्ये पत्नी, काही मुले व नातवंडे यांना मुक्त केल्याचा दस्त नोंदविला. मधल्या काळात हा पती कायद्याच्या भाषेत आपल्या बायकामुलांचा ‘मालक’ होता. व्हर्जिनियातील १८०६ च्या कायद्यानुसार मुक्त झालेल्या गुलामाला, खास परवानगी नसेल तर, वर्षाच्या आत राज्य सोडावे लागे. त्यामुळे जवळच्या माणसाला कागदोपत्री गुलाम ठेवणे, हाच कित्येकदा त्याला जवळ ठेवण्याचा मार्ग असे. त्यांचा मुलगा पीटर मात्र सुटला नाही. लिलावाच्या वेळी अकरा वर्षांचा असलेला हा मुलगा १८५० मध्ये स्वतंत्र झाला आणि पुढे सिनसिनाटी येथे बाप्टिस्ट धर्मोपदेशक म्हणून मान्यता पावला.

आता हे कागद वेगवेगळे वाचून पाहावेत. केवळ मृत्युपत्र वाचले तर जेफरसन यांची कृपादृष्टी दिसते. केवळ लिलावाचा हिशेब वाचला तर किमतीचे आकडे दिसतात. केवळ १८३७ चा दस्त वाचला तर एक गुलामधारक कृष्णवर्णीय दिसतो. तिन्ही शेजारी ठेवले म्हणजे एक कुटुंब दिसू लागते, आणि ते टिकविण्यासाठी एका लोहाराने दहा वर्षे केलेले श्रम दिसू लागतात.

स्मृती आणि कागद

या शोधाला लोकप्रियता मिळवून दिली ती ॲलेक्स हेली यांच्या ‘रूट्स’ या १९७६ सालच्या पुस्तकाने आणि जानेवारी १९७७ मध्ये सलग आठ रात्री दाखविल्या गेलेल्या त्यावरील दूरचित्रवाणी मालिकेने. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेलेली गोष्ट आणि दप्तरातील दस्त यांचा सांधा जुळतो, हा त्या पुस्तकाचा दावा होता. हेली यांचा मुख्य कागद म्हणजे व्हर्जिनियातील स्पॉट्सिल्व्हेनिया काउंटीतील ५ सप्टेंबर १७६८ चा दस्त. त्यात वॉलर घराण्यातील एका भावाने दुसऱ्याला ‘टोबी’ नावाचा गुलाम दिल्याचा उल्लेख आहे. हा टोबी म्हणजे १७६७ मध्ये ‘लॉर्ड लिगोनियर’ जहाजातून आलेला कुंटा किंटे, असे हेली यांनी मांडले. परंतु गॅरी मिल्स आणि एलिझाबेथ शोन मिल्स या वंशावळतज्ज्ञ दांपत्याने १९८१ मध्ये त्याच काउंटीचे इतर कागद तपासून दाखविले की वॉलर घराण्याकडे टोबी नावाचा गुलाम १७६२ पासूनच होता. म्हणजे जहाज येण्याच्या पाच वर्षे आधीपासून.

यावरून कौटुंबिक स्मृती खोटी असते असे मुळीच ठरत नाही. एक अनुकूल दस्त हाती आला म्हणून बाकीच्या वह्या मिटून ठेवू नयेत, एवढाच बोध घ्यावयाचा. उलट, कागदाला स्मृतीची जोड मिळाली तर तो बोलू लागतो. माँटिसेलो येथील संशोधकांनी १९९३ पासून तेथील गुलामांच्या वंशजांच्या आठवणी नोंदविण्याचे काम हाती घेतले, ते याच जाणिवेने.

कोर्टहाउसातून केवढे धन निघू शकते, याचा दाखला ग्वेंडोलिन मिड्लो हॉल या इतिहासकार विदुषीने घालून दिला. १९८४ मध्ये लुइझियानातील पॉइंट कूपी पॅरिशच्या कोर्टहाउसात त्यांना फ्रेंच व स्पॅनिश अमलातील दस्त पाहावयास मिळाले. त्यांत गुलामाचे नाव, वय, कसब, दुखणी आणि आफ्रिकेतील मूळ जमातही नमूद होती. पुढील सुमारे पंधरा वर्षे निरनिराळ्या दप्तरांतून त्यांनी एक लाखाहून अधिक माणसांच्या नोंदी एकत्र केल्या आणि २००० साली त्या सर्वांसाठी खुल्या केल्या.

स्वतःहून सांगितलेली नावे

यादवी युद्ध संपल्यावर या कचेऱ्यांत एक वेगळीच रांग लागली. नॉर्थ कॅरोलायना राज्याने मार्च १८६६ मध्ये कायदा करून मुक्त झालेल्या दांपत्यांना काउंटीच्या कारकुनापुढे येऊन आपल्या सहजीवनाची नोंद करण्यास सांगितले. फी होती २५ सेंट. ‘आम्ही किती वर्षे एकत्र राहत आहोत’ हे सांगायचे होते. ज्या इमारतीत कालपर्यंत त्यांच्या विक्रीचे दस्त झाले, त्याच इमारतीत येऊन हजारो वयस्क स्त्रीपुरुषांनी दहा, वीस, तीस वर्षांपूर्वीचे आपले लग्न सांगितले. जो ‘पती’ खरेदीखतांत सापडत नव्हता, तो येथे सापडतो.

१८६५ मध्ये स्थापन झालेल्या फ्रीडमन्स बँकेच्या खातेवह्यांचे महत्त्व असेच आहे. खाते उघडताना आईबाप, भावंडे, मुले यांची नावे विचारली जात. पूर्वीचा धनी कोण, हेही कित्येकदा लिहिले जाई. १८७४ मध्ये बँक बुडाली, तेव्हा सुमारे ६१ हजार खातेदारांचे जवळजवळ ३० लाख डॉलर तिच्यात अडकले. मुक्त माणसांची पहिली बचत त्यांपैकी पुष्कळांना पुरती परत मिळाली नाही. त्यांच्या नातवंडांना मिळाल्या त्या या वह्या.

दप्तर कोणाचे?

येथवरचे विवेचन वाचून कोणाला वाटेल की हा काही हौशी लोकांचा उद्योग आहे. तसे नाही. यातून हक्क आणि दायित्व यांचे प्रश्न उभे राहतात. १८३८ मध्ये मेरीलँडच्या जेझुइट पंथीयांनी आपले २७२ गुलाम लुइझियानातील मळेवाल्यांना १,१५,००० डॉलरला विकले आणि त्या पैशातून जॉर्जटाउन महाविद्यालय कर्जातून सावरले. विकलेल्यांची नावे करारात होती, म्हणूनच पावणेदोनशे वर्षांनी त्यांचे वंशज शोधता आले. जॉर्जटाउन विद्यापीठाने त्या वंशजांची २०१७ मध्ये जाहीर क्षमा मागितली, आणि करारातील पहिले नाव, आयझॅक, तेथील एका इमारतीला देण्यात आले. शिकागो शहराने २००२ मध्ये नियम केला की पालिकेशी व्यवहार करणाऱ्या कंपन्यांनी गुलामगिरीशी असलेला आपला जुना संबंध तपासून उघड करावा. त्यातून २००५ मध्ये जे. पी. मॉर्गन चेस या बँकेने जाहीर केले की तिच्यात विलीन झालेल्या लुइझियानातील दोन बँकांनी सुमारे १३,००० गुलाम तारण म्हणून स्वीकारले होते, आणि कर्ज थकल्यामुळे त्यांपैकी सुमारे १,२५० त्या बँकांच्याच मालकीचे झाले होते. गुलामगिरी ही केवळ काही क्रूर मळेवाल्यांची करणी नव्हती, तर पतपुरवठ्याची सुसंघटित यंत्रणा तिच्या पाठीशी होती, ही गोष्ट प्रवचनांपेक्षा या गहाणखतांनी अधिक ठामपणे सिद्ध केली आहे.

आणि हे सर्व अवलंबून आहे ते कागद टिकण्यावर. युद्धकाळात सुरक्षिततेसाठी म्हणून पूर्व व्हर्जिनियातील अनेक काउंट्यांनी आपली दप्तरे राजधानी रिचमंड येथे हलविली. एप्रिल १८६५ मध्ये तेथे लागलेल्या आगीत ती भस्मसात झाली. त्या काउंट्यांतील गुलामांच्या वंशजांना १८७० च्या अलीकडेच थांबावे लागते. जे वाचले, त्याचे छायाचित्रण करण्याचे मोठे काम युटा येथील मॉर्मन पंथाच्या वंशावळ-संस्थेने १९३८ पासून केले. जगभरातून जमविलेल्या तिच्या सुमारे २४ लाख मायक्रोफिल्म रिळांचे संगणकीकरण २०२१ मध्ये पुरे झाले. व्हर्जिनियाच्या राज्य ग्रंथालयाने चान्सरी खटल्यांची सूची करून त्यांतील कागद लोकांपुढे ठेवले आहेत. तरीही रिळावर असलेली वही आणि नावानुसार सूची झालेली वही यांत फार अंतर असते. ज्यांची सूची होते ते सहसा खरेदी देणारे व घेणारे. ज्याला विकले, त्याचे नाव मजकुराच्या पोटात राहते. ती नावे वर काढून स्वतंत्र सूची करणे, हे काम दस्त सांभाळणाऱ्या राज्याचे आणि काउंटीचे आहे. ते त्या माणसांच्या वंशजांच्या फावल्या वेळावर सोपविणे न्याय्य नव्हे.

या मागणीला इतिहासाचेही पाठबळ आहे. युद्धानंतर जवळजवळ शंभर वर्षे दक्षिणेतील कोर्टहाउस हे कृष्णवर्णीयांच्या दृष्टीने अपमानाचे ठिकाण होते. १९६५ मध्ये अलाबामातील सेल्मा येथे डॅलस काउंटीच्या कोर्टहाउसापुढे मतदारयादीत नाव घालण्यासाठी ते रांगा लावीत, आणि त्यांना परत पाठविले जाई. त्याच वर्षीच्या मताधिकार कायद्याने ती स्थिती पालटली. मालमत्ता म्हणून ज्यांची नावे त्या कचेरीने बिनचूक उतरवून घेतली, त्यांच्याच पणतवंडांची नावे नागरिक म्हणून लिहिण्यास तिने नकार दिला होता. दस्ताची वही हा सार्वजनिक कागद आहे, तो मागण्याचा हक्क कोणालाही आहे, हे तत्त्व अमेरिकेत जुने आहे. मालकी निर्वेध राहावी म्हणून ते जन्मले. आज त्याच तत्त्वाच्या बळावर विकलेल्यांचे वंशज ती वही मागतात. त्यांना ती मिळावी, आणि तिच्यातील त्यांचे नाव शोधणे सुकर व्हावे, एवढी तरी परतफेड त्या कचेऱ्यांकडून अपेक्षिणे गैर नाही.